तात्या पाणी न घेता उठले

तात्यांनी पहिल्यांदा माझी शाळा मागितली, तेव्हा मी त्यांना तोंडावर नाही म्हटलं. वय तेवीस, नोकरी नवी, आणि डोक्यात भलती हवा. बारामतीसारखं बाजारपेठेचं गाव सोडून इंदापूर तालुक्यातल्या या खेड्यात, अंथुर्ण्याच्याही पलीकडं, आणून टाकली म्हणून मी आधीच धुमसत होते. त्यात हा उंच, किडकिडीत, गुडघ्यापर्यंत धोतर नेसलेला माणूस दारात उभा राहून म्हणतो, "बाई, रविवारी शाळंचं पटांगण लागंल. दोन भावांचं बोलणं बसवायचंय."

"शाळा भांडणांसाठी नाही," मी म्हटलं.

"भांडण त्यांच्या घरी झालंय. हितं मिटवायचंय."

"मग देवळात बसा की."

"देऊळ थोरल्याच्या आळीत हाय. धाकटा म्हणंल, मी तुझ्या दारात आलो. चावडीत बसावं तर पाटील थोरल्याचा व्याही. शाळा कुणाच्या भावकीत न्हाय, बाई. गावात तेवढी एकच जागा हाय."

मी फणकाऱ्यानं हो म्हटलं.

रविवारी सकाळी तात्या स्वतः खराटा घेऊन आले. पटांगण झाडलं, उन्हाकडं पाहिलं, दोन दगड ठेवून खुणा केल्या आणि मग घोंगडी अंथरली. मी खिडकीत वह्या तपासायचं सोंग करत बसले होते. शेवटी न राहवून विचारलं, "दगड कशाला?"

"दुपारी सावली हितनं सरकती. एकाच्या डोक्यावर ऊन अन् एकाच्या सावली असं झालं, की उनातला माणूस कंटाळून व्हय म्हणतो अन् घरी जाऊन मोडतो."

आणि खरंच, बोलणं रंगात आलेलं असताना तात्या मध्येच उठले, दोन्ही भावांना उठवलं, घोंगडी दोन हात सरकवली आणि पुन्हा बसवलं. भाऊ शिव्या देता देता थांबले होते, ते सरकण्याच्या नादात पुढची शिवी विसरले. मला हसू आवरेना.

तात्यांना ना हुद्दा, ना कुणाचं नेमणूकपत्र. पाटाखालचं चार एकर रान, त्यात वांगी, मिरची, बांधाला पेरूची झाडं. माळवं बारामतीच्या बाजाराला न्यायचे आणि उरलेल्या वेळात लोकांची तुटलेली नाती जोडत फिरायचे. तिकडं नरसिंहपूरच्या संगमापासून इकडं बारामतीच्या शिवेपर्यंत कुठं वाटणीवरून डोकी फुटायची वेळ आली, कुठं सोयरीक मोडली, की तात्यांना सांगावा यायचा. बायको केव्हाच वारली होती. घरात ते आणि एकुलती एक लेक, हौसा.

त्यांच्या तोंडून "तुझं चुकलं" हे शब्द मी कधी ऐकले नाहीत. "हितं जरा अडलंय," एवढंच म्हणायचे. बोलणाऱ्याच्या तोंडाकडं फारसं पाहायचे नाहीत, पायांकडं पाहायचे. मी विचारलं तर म्हणाले, "तोंडाला खोटं बोलायची सवय असती. पायाला नसती. उठून जायचं मनात आलं की आधी अंगठा हलतो." त्या दिवसापासून त्यांच्यासमोर बसताना मी पाय लुगड्याखाली घ्यायला लागले.

निरोप्याचं कामही तेच करायचे. एकदा एका तापट म्हाताऱ्यानं माझ्यादेखत निरोप दिला, "त्याला म्हणावं, तुझं थोबाड बघायची इच्छा न्हाय." तात्यांनी पलीकडच्या आळीत जाऊन सांगितलं, "ते म्हणत्यात, समोरासमोर बोलायला त्यांना जरा जड जातंय." मी नंतर त्यांना धरलं. म्हटलं, हे धडधडीत खोटं झालं. तर हसून म्हणतात, "निरोप न्हेताना काटं काढून न्ह्यायचा, बाई. पोचायचं तेवढं पोचतंच." तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

पुढं विकास योजनेचे एक साहेब आले. भला माणूस, पण सगळं कागदावर मांडलेलं. कालव्याच्या आमच्या फाट्यावर पाण्याच्या पाळीवरून वरच्या अंगाचे आणि शेवटच्या टोकाचे शेतकरी हातघाईवर आले होते. वरचे पाणी दाबून धरायचे, टोकाला थेंब पोचायचा नाही. साहेबांनी शाळेत टेबल मांडलं, माझ्या वर्गातल्या दोन खुर्च्या घेतल्या, इंदापुराहून आणखी आणवल्या आणि दोन्ही बाजू टेबलाच्या दोन अंगांना बसवल्या. आयुष्यात खुर्चीवर न बसलेली माणसं ती! कडेला टेकून बसली, निम्मा जीव न पडण्यातच. तासाभरात आरडाओरडा होऊन सगळे उठले.

"टेबल मधी आलं की हात दिसत न्हाईत," तात्या मला हळूच म्हणाले. "हात दिसला न्हाय तर माणसाचा इस्वास कसा बसायचा?"

चार दिवसांनी त्यांनी सगळ्यांना, साहेबांनासुद्धा, फाट्याच्या टोकाला नेलं आणि वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांना बसवलं कुठं, तर टोकाच्या एका गरिबाच्या वाळून गेलेल्या मिरचीच्या रानात. घोंगडी मुद्दाम आणली नव्हती. धोतराखाली वाळकी रोपं काडकाड मोडत होती. ज्यांनी पाणी दाबलं होतं तेच त्यावर बसले होते. तिन्हीसांजेच्या आत पाळी ठरली. साहेबांनी चकित होऊन विचारलं, "तात्या, तुम्ही नक्की केलंत काय?"

"मी कुठं काय केलं? जागा दावली."

त्यांचं सगळ्यात मोठं हत्यार मात्र वेगळं होतं. तंटा मिटेपर्यंत ते दोन्ही घरचं पाणी घ्यायचे नाहीत. मिटला की आधी पडत्या बाजूच्या घरी पाणी प्यायचे आणि मग दुसऱ्याच्या. आणि एखादा ऐकतच नसेल, तर त्यानं पुढं केलेल्या तांब्याला नुसते हात जोडून उठायचे. एका बड्या बागाईतदारानं विधवा भावजयीचा हिस्सा दाबला होता. तात्या दुपारभर त्याच्या ओसरीवर बसले. शेवटी त्यानं चांदीच्या तांब्यात पाणी मागवलं. तात्यांनी हात जोडले, वहाणा घातल्या आणि चालू लागले. बस्स! दुसऱ्या दिवशी उजाडायला बागाईतदाराचा दिवाणजी बैलगाडी घेऊन तात्यांच्या दारात. "तात्या पाणी न घेता उठले" हे गावात फुटलं असतं, तर त्याच्या घराशी सोयरीक करायला कुणी आलं नसतं. भावजयीला हिस्सा मिळाला.

आता हौसाचं सांगते. इतका वेळ टाळत होते.

हौसा माझ्या शाळेत आली तेव्हा चांगली पंधरा वर्षांची होती. पहिलीच्या पोरांत गुडघे दुमडून बसायची आणि कुणाला लाज वाटायच्या आत स्वतःच मोठ्यानं हसायची. वर्षात वाचायला शिकली. पोरांची भांडणं झाली की खाली पोतं अंथरून बापाची हुबेहूब नक्कल करायची, "हितं जरा अडलंय." तात्या कुंपणापलीकडून पाहायचे आणि खोटं रागवायचे. ती म्हणायची, "तात्या, तुमी जगाला जागा दावता. मला कुठं बसवायचं ते माझी सासू ठरवंल." मला बहीण नाही. ती पोर मला बहिणीहून जवळची झाली होती.

लग्न झालं. भीमेकाठचं गाव, घर खाऊन-पिऊन सुखी, मळ्यात विहीर. दोन वर्षं गेली, मूल झालं नाही आणि हौसाचं माहेरी येणंही कमी कमी होत गेलं. मग एक दिवस गावोगाव बांगड्या भरत फिरणारी कासारीण आमच्याकडं आली आणि तात्यांच्या ओट्यावर बसून डोळे पुसायला लागली. म्हणाली, "तात्या, पोरीच्या हाताला बायकांची बांगडी ऱ्हात न्हाय, गळून पडती. अंगावर वळ हायत. ल्हान पोरीची भरून आले. तिनं सांगितलंय, तात्यांना म्हणावं, मला न्या."

तात्या दुसऱ्याच दिवशी निघाले. मी आडवी आले. म्हटलं, "तात्या, दुसऱ्या कुणाला पाठवा. आज तुम्ही मधले नाही. मुलीचा बाप आहात."

"चाळीस वर्सं दुसऱ्याच्या लेकी आणल्या, बाई. स्वताची आणता यायची न्हाय व्हय?"

परत आले ते शांत होते, जवळजवळ खुशीत. सासू-सासऱ्यांपुढं त्यांनी त्यांच्या पद्धतीनं विषय काढला होता, पोरीला जरा माहेरची हवा मिळंल, सवड झाली की धाडा. मारहाण, उपाशी ठेवणं, काही बोलले नव्हते. सासरचे म्हणाले होते, मिरचीचा तोडा झाला की बघू. तेवढ्यात हौसा स्वतः तांब्या घेऊन बाहेर आली.

"मग?" मी विचारलं.

"हात जोडलं अन् उठलो. पाणी घेतलं न्हाय." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "आता बगा. दोन दिसांत गाडी जुपून पोरीला घिऊन येत्याल."

दोन दिवस गेले. आठ गेले. तात्या रोज सकाळी झाडून-सारवून घेत आणि रस्त्याकडं तोंड करून ओट्यावर बसत. मी म्हणायची, जा, घेऊन या. ते म्हणायचे, "आता मी गेलो तर माझ्या उठण्याला काय किंमत ऱ्हायली?" पंधराव्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. शाळेला सुट्टी होती. मी मिळेल त्या गाडीनं, पुढं चालत, हौसाच्या सासरी गेले.

सासूनं चांगलं स्वागत केलं. मास्तरीणबाई म्हणून पाट दिला, गूळ-पाणी दिलं आणि कौतुकानं म्हणाली, "व्याही लई रीतीचं माणूस. लेकीला पोर हुईस्तवर तिच्या घरचं पाणी घ्यायचं न्हाय, आता कोण पाळतंय हो? त्यांनी पाळलं. तांब्याला हात जोडलं. आमाला लई बरं वाटलं."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. तात्या ज्या ओसरीवर उठले होते, तिथं ते तंटा मिटवणारे तात्या नव्हतेच. ते मुलीचे वडील होते. आणि मुलीच्या वडिलांनी पाणी न घेणं ही तर जनरीत! धमकी पोचलीच नव्हती. उलट सासरच्यांनी तो मान समजला होता, आणि सगळं ठीक आहे म्हणून निर्धास्त झाले होते. पन्नास गावांत कोण कुठं बसल्यावर काय अर्थ होतो हे ज्याला कळायचं, त्याला आपल्या लेकीच्या दारात आपण कुठं बसलोय हे कळलं नव्हतं.

हौसा माजघरात पडून होती. ताप होता. मी तासभर तिच्याजवळ बसले. ती थोडं बोलली. काय बोलली ते मी चार वर्षं कुणाला सांगितलं नाही.

घरी येऊन मी तात्यांना फक्त सासूचं बोलणं सांगितलं, आणि म्हटलं, पोर फार आजारी आहे. "रीत?" तात्या एवढंच म्हणाले. उभ्या उभ्या गाडी जुंपली. तिथं पोचल्यावर म्हणे ते ओसरीवर थांबलेच नाहीत. वहाणांसकट माजघरात शिरले, कुणाशी एक शब्द बोलले नाहीत, लेकीला उचललं आणि गाडीत घातलं. इंदापूरच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी हौसा गेली. गाडीत घातली तेव्हाच तिची शुद्ध हरपली होती. बापाशी एक अक्षर बोलली नाही.

वर्षभर तात्यांनी घोंगडी उलगडली नाही. लोक यायचे, दारात बसून परत जायचे. मला त्यांच्याकडं बघवायचं नाही, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. सासरच्यांचा येत होताच. पण तात्यांचा जास्त यायचा. आणि स्वतःचाही, की पंधरा दिवस मी काय करत होते?

वर्षानं त्यांनी पुन्हा बैठक घेतली, तीही लोकांनी पाय धरले म्हणून. पण आता त्यांची तऱ्हाच बदलली होती. बसल्या बसल्या आधी दोन्हीकडचं पाणी प्यायचे. निरोप न्यायचं काम सोडून दिलं. "ज्याचं त्यानं समोर येऊन बोलावं," म्हणायचे. आणि लेकीसुनेचा मामला असला की तिला स्वतःला घोंगडीवर आणून बसवायचे, मधोमध, आणि पहिलं बोलणं तिचं.

केवढा गहजब झाला! पुरुषांच्या बैठकीत बाईमाणूस? म्हातारे पागोटी सावरत उठून गेले. माझ्याच पटांगणात एकदा एक कोवळी सून अशी आणून बसवली होती. पोरगी पदर डोळ्यांपर्यंत ओढून गप्प. सासरा म्हणाला, "हिला काय इचारता? हिला बोलता येत न्हाय."

"येईल," तात्या म्हणाले. "आमी बसलोय."

आणि बसले. सकाळ गेली. माणसं चुळबुळायला लागली, कुणी तंबाखू मळायला गेला तो आलाच नाही. तात्या हललेसुद्धा नाहीत. ऊन कलल्यावर त्या पोरीनं तोंड उघडलं आणि एकच वाक्य बोलली, "मला आईकडं जायचंय." तात्यांनी तिच्या बापाला तिथल्या तिथं सांगितलं, "न्हे." बोलणी नाहीत, तडजोड नाही. सासरकडची मंडळी तणतणत गेली. "तात्याची बैठक बायकी झाली," असं लोक उघड बोलायला लागले. हळूहळू बोलावणी थांबली. तंटे इंदापूरच्या कोर्टात जायला लागले. तात्या मिरची खुरपत राहिले. मी एकदा म्हटलं, लोकांच्या कलानं थोडं घ्या. तर म्हणाले, "कलानंच तर घेत आलो जन्मभर."

हौसाला जाऊन चार वर्षं झाली आणि माझी बदली झाली, बारामतीलाच. एस.टी. जिथं थांबायची तिथपर्यंत माझी ट्रंक तात्यांनीच खांद्यावर आणली. नको म्हटलं तरी ऐकलं नाही. फाट्याला पाणी सुटलं होतं, त्याचा आवाज येत होता. गाडीला वेळ होता. तात्या ट्रंकेशेजारी उभे राहिले. 

"बाई, एक ऱ्हायलं," शेवटी म्हणाले. "त्या दिशी तुमी हौसाजवळ बसला व्हता. ती काय बोलली?"

"तुमची आठवण काढली," मी म्हटलं.

"ती काढली असंल. पन बोलली काय?"

"तात्या, आता कशाला..."

"काटं काढू नका, बाई. ते पाप मी लई केलं. ती बोलली तसं सांगा."

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते माझ्या पायांकडं पाहत नव्हते. सरळ डोळ्यांत पाहत होते. मग मी सांगितलं. चार वर्षं मनात घोळवलेलं, तिच्याच शब्दांत, एका दमात.

"ती म्हणाली, 'तात्या आलं तवा मी तांब्या घिऊन भायेर गेले. मला वाटलं, आज तात्या रीत मोडत्याल. पाणी पित्याल अन् म्हणत्याल, चल घरी. त्यांनी हात जोडलं. तवा समजले, तात्या मला न्ह्यायला आलं न्हवतं. मग आत येऊन ते पाणी मीच प्याले, बाई. रडू आलं तर सासूला कळंल म्हणून.'"

तात्या ऐकत होते. मला रडू फुटलं. म्हटलं, "तात्या, मी तेव्हाच सांगायला हवं होतं. माफ करा."

"न्हाय, न्हाय," ते म्हणाले. मग विचारलं, "बोलताना तोंड कुनीकडं व्हतं तिचं?"

"भिंतीकडं."

त्यांनी मान डोलावली. तेवढ्यात गाडी आली. त्यांनी ट्रंक टपावर चढवली, दोरी आवळली, खाली उतरले आणि माझ्या खिडकीशी आले. डोळे कोरडे होते. "पोचला, बाई," म्हणाले. "चार वर्सं लागली. पन तिचा निरोप पोचला मला."

गाडी सुटली. मी वळून पाहिलं. कुणी वाटसरू थांबून त्यांना रामराम घालत होता, काही विचारत होता, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते. मी तोंडाला पदर लावला. एकही शब्द इकडचा तिकडं होऊ नये म्हणून निरोप्या करतो तसा तो माणूस भर उन्हात, रस्त्याच्या कडेला उभा राहून, लेकीचं बोलणं पाठ करत होता.